दोराचे टोक आणि खमिराची पेशी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिंडोशी येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर छापून आला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत थोडा हशा पिकला. ते साहजिक होते. मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस, मराठी आणि भूगोल शिकवतो. आणि विषय घेतला आहे तो खमिराच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांचा. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी हे भाषण आधी वाचून तपासून दिले आहे, त्यामुळे आपण निर्धास्तपणे ऐकावे.

विषय निवडण्याचे कारण सांगतो. दहावीच्या निकालानंतर पालक शाळेत येतात. मुलगी म्हणते, मला सायन्सला जायचे आहे, पुढे बी.एस्सी. करायचे आहे. वडील विचारतात, सर, ते शिकून उपयोग काय? डॉक्टर होणार नसेल, इंजिनियर होणार नसेल, तर जंतू आणि बुरशी बघत बसण्यात काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरी एकच कमावता हात आहे त्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. मी आज एका बुरशीचीच हकीकत सांगणार आहे. ती ऐकून हिशेब आपण करावा.

आपल्याकडे पठाणवाडीत, कुरारमध्ये, संतोष नगरात पहाटे बेकरीतून लादीपाव निघतो. मैदा मळून ठेवतात, त्यात खमीर घालतात, काही तासांत पीठ फुगून वर येते. गोव्यात पूर्वी पोदेर लोक पिठात माडाची सूर घालीत, तिच्यातही खमीरच. आता पाकिटातून दाणेदार यीस्ट मिळते. या दाण्यांत निर्जीव काही नाही. तो झोपी गेलेल्या पेशींचा ढीग आहे. कोमट पाणी आणि चिमूटभर साखर दिली की या पेशी जाग्या होतात, साखर खातात, वायू सोडतात आणि वाढू लागतात. एक पेशी एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी. तिला अंगावर कळी फुटते, कळी मोठी होते, सुटून वेगळी होते. चांगले अन्नपाणी असेल तर दीड तासात एकीच्या दोन. शास्त्रज्ञ हिला सॅकरोमायसिस सेरेव्हिसी म्हणतात. बेकरीवाल्याला ते नाव ठाऊक असण्याची गरज नाही, पाव तसाच फुगतो.

आता ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की ही पेशी जंतूपेक्षा आपल्याला जवळची आहे. हिला आपल्या पेशीसारखे केंद्रक आहे आणि केंद्रकात गुणसूत्रे आहेत. आपल्या पेशीत 46, हिच्यात 16. हिचा सगळा आनुवंशिक मजकूर 1996 साली वाचून पूर्ण झाला. तो सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरांचा आहे आणि त्यात जवळपास सहा हजार जनुके आहेत. अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. गुणसूत्र म्हणजे या अक्षरांचा एक लांबच लांब दुपदरी दोर. पोटातल्या साध्या जंतूचा, ई. कोलायचा, डीएनए बांगडीसारखा गोल असतो, त्याला टोकच नसते. खमिराचा दोर सरळ असतो आणि सरळ दोराला दोन टोके आलीच. सोळा दोरांची टोके बत्तीस. आजचा विषय ही बत्तीस टोके.

तुमच्यापैकी ज्यांची गावे रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर आहेत त्यांना टोकाची अडचण समजावून सांगायला नको. कित्येकांच्या घरात आजोबा-पणजोबा बोटीवर खलाशी होते. नवा दोर कापला की त्याच्या टोकाला सुतळीचे घट्ट वेढे घालतात, नाहीतर पीळ सुटत जातो आणि हातभर दोर वाया जातो. पेशीतल्या दोरालाही हीच भीती आहे, आणि वर आणखी दोन आहेत.

पहिली अशी. पेशीत डीएनए अधूनमधून तुटतो, आणि तुटलेली टोके शोधून एकमेकांना जोडणारे दुरुस्ती पथक पेशीजवळ सदैव तयार असते. हे पथक नसते तर आपण जगलो नसतो. पण दोराचे खरे, जन्मजात टोक आणि तुटल्यामुळे झालेले टोक यांतला फरक त्या पथकाला कसा कळावा? कळला नाही तर ते एका गुणसूत्राचे टोक दुसऱ्याला शिवून टाकील. मग पेशी दुभंगताना तो जोड दोन्हीकडून ओढला जाईल, पुन्हा कुठेतरी तुटेल, पुन्हा जोडला जाईल. अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी मक्याच्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली हाच प्रकार पाहिला. साधारण 1930 ते 1941 या काळातले हे काम. त्याच सुमारास हर्मन मुलर हे फळमाश्यांवर क्ष-किरण टाकून गुणसूत्रे तोडत होते. त्यांना आढळले की गुणसूत्राचे तुकडे कसेही उलटसुलट जुळतात, परंतु मूळ टोक गमावलेले गुणसूत्र टिकलेले दिसत नाही. म्हणजे टोकात काहीतरी खास आहे. 1938 साली त्यांनी त्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिले टेलोमिअर, शेवटचा भाग. नाव मिळाले, आत काय आहे हे समजायला आणखी चाळीस वर्षे लागली.

दुसरी भीती जरा अवघड आहे, पण गावाकडच्या बायकांना ती लगेच समजेल. शेणाने जमीन सारवताना बाई मागे मागे सरकत येते आणि शेवटी दाराबाहेर पडून उंबऱ्यापर्यंत सारवते. समजा, खोलीला दारच नाही. तर सगळी खोली सारवून झाल्यावर तिच्या पायाखालची जागा तशीच कोरडी राहील. डीएनएची नक्कल करणारे विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो, ते असेच आहे. त्याला सुरुवात करायला पाय ठेवण्यापुरती जागा लागते. आरएनएचा एक लहान तुकडा आधी बसतो, त्याच्या आधाराने नक्कल सुरू होते, मग तो तुकडा काढून रिकामी जागा भरली जाते. दोराच्या मध्यभागी हे चालून जाते. टोकाला मात्र शेवटचा आधार काढल्यावर त्याची जागा भरायला मागे काही उरत नाही. त्यामुळे प्रत्येक नकलेत दोर थोडा आखूड होणार. सोव्हिएत रशियातले अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांनी 1971 साली आणि जेम्स वॉटसन यांनी 1972 साली ही अडचण स्वतंत्रपणे मांडली. ओलोव्हनिकोव्ह यांना ती सुचली तेव्हा ते मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात उभे होते असे सांगतात. गाडीचे इंजिन पुढे आणि डबा मागे, तेव्हा इंजिनाखालच्या रुळापर्यंत डबा कधी पोचणार नाही, असा तो विचार. आपल्या लोकलला मोटरमन दोन्ही टोकांना बसू शकतो म्हणून कदाचित आपल्याला हे सुचले नसते!

असो. अडचण कागदावर पक्की झाली. पण खमीर तर हजारो वर्षे पिठात वाढते आहे. दीड तासाला एक पिढी, आणि तरी त्याचे दोर संपलेले नाहीत. याचा अर्थ पेशीजवळ उपाय आहे. तो कोणता?

येथे क्षणभर मुंबईत थांबू. बुरशीसारखी क्षुद्र गोष्ट घेऊन आयुष्य घालवणारी माणसे फक्त परदेशात असतात असा आपला समज आहे. ओबेद सिद्दिकी यांचे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे. जन्म 1932, उत्तर प्रदेशातील बस्ती येथे, शिक्षण अलीगढला. पुढे ग्लासगोला पोन्तेकोर्व्हो यांच्या हाताखाली पीएच.डी. केली ती अॅस्परजिलस नावाच्या बुरशीवर. 1962 साली होमी भाभांनी त्यांना बोलावून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग काढायला सांगितले. त्याच संस्थेत पबित्र कुमार मैत्रा आणि झीटा लोबो यांनी 1970 च्या दशकात खमिरावर काम केले. खमीर साखर पचवते ती कोणकोणत्या विकरांच्या जोरावर, हे त्यांनी एकेक विकर बिघडलेल्या पेशी निवडून शोधले. मालाडहून चर्चगेटची लोकल आणि पुढे बस, एवढ्या अंतरावरची ही गोष्ट. टोकांचा शोध तिथे लागला असे मी म्हणत नाही. तो दुसरीकडे लागला. पण शोधण्याची रीत तीच होती, आणि ती रीत समजली की पुढची हकीकत समजेल. यंत्राचा कोणता भाग काय करतो हे कळत नसेल तर एकेक भाग बिघडवून पाहायचा.

सिद्दिकींचेच उदाहरण घ्या. पुढे ते माश्यांकडे वळले आणि अमेरिकेत सेमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा फळमाश्या अभ्यासल्या ज्या थोडी उष्णता वाढवली की लुळ्या पडतात आणि गार केल्या की उठून चालू लागतात. ते काम 1976 साली प्रसिद्ध झाले. अशा माशीत एखादे प्रथिन किंचित बिघडलेले असते. थंडीत ते कसेबसे काम करते, उष्णतेत त्याचा आकार ढासळतो. म्हणजे शास्त्रज्ञाच्या हातात एक बटन आले. खमिराबाबत हेच बटन सिअॅटलचे लेलँड हार्टवेल यांनी त्या आधीपासून वापरले होते. 23 अंशांना वाढणारी आणि 36-37 अंशांना थबकणारी खमिरे त्यांनी शेकड्यांनी गोळा केली आणि त्यांना क्रमांक दिले. त्यांतला तेरावा, सीडीसी-13, लक्षात ठेवा. तो पुढे येणार आहे.

आता टोकांकडे. एलिझाबेथ ब्लॅकबर्न या ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या. त्यांनी जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत टेट्राहायमेना नावाचा तळ्यातला एकपेशीय जीव घेतला. त्याच्यात हजारो छोटी गुणसूत्रे असतात, म्हणून टोकेही हजारो. 1978 साली त्यांनी दाखवले की त्या टोकांवर एकच सहा अक्षरी शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे : टीटीजीजीजीजी, टीटीजीजीजीजी. अर्थ काही नाही, जनुक नाही, नुसती पुनरुक्ती. वहीच्या शेवटी कोरी पाने सोडावीत तसे. फाटली तर कोरी पाने फाटतील, मजकूर वाचेल.

1980 साली एका परिषदेत जॅक शोस्टाक यांनी त्यांचे भाषण ऐकले. शोस्टाक यांची तक्रार अशी होती की खमिराच्या पेशीत सरळ डीएनएचा तुकडा घातला की तो टिकत नाही. कुरतडला जातो किंवा कशाला तरी जोडला जातो. दोघांनी ठरवले की त्या सरळ तुकड्याच्या दोन्ही टोकांना टेट्राहायमेनाची टोके जोडून बघायची. तळ्यातला जीव कुठे आणि खमीर कुठे! त्यांचा संबंध तुटून शंभर कोटी वर्षे तरी झाली असतील. प्रयोग यशस्वी होईल असे सांगायला कोणी धजले नसते. पण तुकडा खमिरात जसाच्या तसा टिकला. 1982 साली हे प्रसिद्ध झाले. आणि पुढे त्याहून मोठे आश्चर्य दिसले. खमिराने त्या परक्या टोकांवर आपली स्वतःची अक्षरे चढवली होती, टी आणि जी यांची जरा अनियमित रांग. जेनिस शॅम्पे या विद्यार्थिनीने 1984 साली ते स्पष्ट केले. म्हणजे पेशीत कोणीतरी टोकाला अक्षरे जोडणारा आहे. दोर झिजतो, आणि कोणीतरी तो पुन्हा भरतो.

हा जोडणारा सापडला तो 25 डिसेंबर 1984 रोजी. नाताळची सुट्टी, प्रयोगशाळा रिकामी. ब्लॅकबर्न यांची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर आपल्या प्रयोगाची फिल्म धुवायला आली. फिल्मवर शिडी उमटली होती, प्रत्येक पायरी सहा अक्षरांनी उंच. हे विकर म्हणजे टेलोमरेज. ते आपल्याबरोबर आरएनएचा एक छोटा साचा बाळगते आणि साच्यावरून टोकाला अक्षरे लिहीत जाते.

ग्रायडरविषयी दोन शब्द अधिक बोलणार आहे, कारण इथे पालक बसले आहेत. या मुलीला लहानपणी अक्षरे उलटसुलट दिसत, स्पेलिंग जमत नसे. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. शाळेत तिला कच्च्या मुलांच्या शुद्धलेखनाच्या तासाला बसवत. आपण मूर्ख आहोत असे तिला वाटे, असे तिने स्वतः पुढे सांगितले आहे. पदवीनंतर संशोधनासाठी अर्ज केले तेव्हा प्रवेश परीक्षेतले गुण कमी म्हणून बहुतेक विद्यापीठांनी दाराशीसुद्धा उभे केले नाही. बर्कलेने केले. 2009 साली ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहाटे फोन आला तेव्हा ती घरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. चार अक्षरांची भाषा वाचण्यात जिने जगाला मागे टाकले तिला शाळेने अक्षरशत्रू ठरवले होते. गुणपत्रिका खोटी असते असे मी शिक्षक म्हणून म्हणणार नाही. पण ती सगळे सांगत नाही, हे एवढ्यावरून कळावे.

आता पुन्हा खमिराकडे, कारण खरी मौज पुढे आहे. टेलोमरेज सापडले, पण पेशीत ते कसे वागते हे तळ्यातल्या जीवात पाहणे अवघड होते. खमिरात बिघाड करणे सोपे. शोस्टाक यांच्याकडे काम करणाऱ्या व्हिकी लुंडब्लाड यांनी अशी खमिरे शोधली ज्यांची टोके पिढीगणिक आखूड होत जातात. 1989 साली पहिले जनुक मिळाले. नाव ठेवले एस्ट-1. हे जनुक बिघडलेली पेशी पहिल्या दिवशी ठणठणीत असते. दुसऱ्या दिवशीही. तिच्या टोकावर सुमारे तीनशे अक्षरांची शिल्लक असते आणि दर पिढीला तीन-चार अक्षरे झिजतात. मग पन्नास-साठ पिढ्यांनंतर वसाहत सुस्तावते आणि बहुतेक पेशी मरतात. शिल्लक बँकेत आहे तोवर पगार बंद झाल्याचे कळू नये, तसे. मूठभर पेशी मात्र वाचतात. त्या एका टोकाचा मजकूर दुसऱ्यावर उसना उतरवून घेतात. लुंडब्लाड आणि ब्लॅकबर्न यांनी 1993 साली या चिवट पेशींचे वर्णन केले.

पुढे आणखी जनुके मिळाली : एस्ट-2, एस्ट-3, एस्ट-4. एस्ट-2 हे टेलोमरेजचे लिहिणारे अंगच निघाले. आणि एस्ट-4? ते तपासले तेव्हा तोच जुना ओळखीचा निघाला, हार्टवेल यांच्या यादीतला सीडीसी-13!

इथे मी जरा रेंगाळतो. हार्टवेल यांच्या पेशीत सीडीसी-13 बिघडले की काय होते? उष्णता वाढवली की पेशी दुभंगण्याच्या मध्येच थांबते. 1995 साली कारण कळले. टोकापासून आत दोराचा एक पदर उलगडून खाल्ला जातो; पेशीला वाटते डीएनए तुटला, आणि ती काम बंद करते. म्हणजे सीडीसी-13 हे प्रथिन रखवालदार. दोराच्या टोकाला एका पदराचे छोटे शेपूट बाहेर असते, त्यावर ते बसते, सोबत स्टन-1 आणि टेन-1 नावाचे दोन साथीदार घेऊन. खलाशाने घातलेले सुतळीचे वेढे ते हे. पण लुंडब्लाड यांच्या पेशीत त्याच प्रथिनात वेगळ्या जागी बारीकसा बिघाड होता. तिथे टोक सुरक्षित राहिले, पण पिढ्यान् पिढ्या आखूड होत गेले, जणू टेलोमरेज नाहीच. म्हणजे हेच प्रथिन टेलोमरेजला टोकापर्यंत बोलावूनही आणते. एस्ट-1 ला हात देऊन ते विकराला जवळ घेते. 1999 साली लुंडब्लाड यांच्याच प्रयोगशाळेत सीडीसी-13 आणि टेलोमरेजचे अंग एकाला एक चिकटवून पेशीत घातले, तर एस्ट-1 नसतानाही टोके भरली गेली. मधला निरोप्या नको, माणूस थेट घरातच बसवला!

दार बंद ठेवणारा आणि योग्य वेळी दार उघडणारा एकच. गुरख्याला हे सांगावे लागत नाही. पण विचार करा, पेशीला किती नाजूक तोल सांभाळायचा आहे. टोक झाकलेच राहिले तर भरता येणार नाही. उघडेच राहिले तर खाल्ले जाईल. म्हणून डीएनएची नक्कल होऊन गेल्यावर, पेशी दुभंगण्याआधी, थोडाच वेळ सीडीसी-13 टेलोमरेजला वाव देते. मग स्टन-1 पुन्हा जागा घेते आणि समोरचा पदर भरून घेण्याची व्यवस्था करते.

तरी एक प्रश्न राहतो. किती भरायचे हे कोण ठरवते? तीनशे अक्षरेच का, तीन हजार का नाहीत? इथे रॅप-1 नावाचे प्रथिन येते. टोकावरच्या दुपदरी भागावर सुमारे अठरा अक्षरांमागे एक, अशा पंधरा-वीस रॅप-1 प्रथिनांची रांग बसलेली असते. ती आपल्याबरोबर रिफ-1 आणि रिफ-2 अशी दोन प्रथिने आणतात. 1997 साली मार्कां, जिल्सों आणि शोर यांनी काय केले, एका टोकाच्या आतल्या बाजूला रॅप-1 बसू शकेल अशा जादा जागा करून ठेवल्या. पेशीने त्या जागाही मोजल्या आणि बाहेरची लांबी तेवढ्या प्रमाणात कमी केली! म्हणजे पेशी अक्षरे मोजत नाही, बसलेली प्रथिने मोजते. आपल्या दिंडोशी डेपोतून सुटलेल्या बसमध्ये कंडक्टर उतारू मोजतो; बस भरली की पुढच्या थांब्यावर घंटी दोनदा मारून सरळ निघतो. रॅप-1 ची रांग भरलेली असेल त्या टोकावर टेलोमरेज थांबत नाही. रांग विरळ झाली की थांबते. रिफ-1 आणि रिफ-2 दोन्ही काढून टाकले तर मोजदाद बिघडते आणि टोके वेड्यासारखी वाढतात.

2004 साली स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या प्रयोगाने हे आणखी स्पष्ट केले. टेलोमरेज एका फेरीत बत्तीसच्या बत्तीस टोकांवर जात नाही. चांगली लांब असलेली टोके बहुधा तशीच राहतात. जितके टोक आखूड तितकी त्याच्यावर काम होण्याची शक्यता जास्त. टेल-1 नावाचे एक प्रथिन आखूड टोकांवर अधिक जमते आणि तिकडे लक्ष वेधते. मला शिक्षक म्हणून हे वाचताना गंमत वाटली. साठ मुलांच्या वर्गात आपण नेमके उलटे करतो. पुढच्या बाकावरच्या भरलेल्या टोकांना आणखी भरतो.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ, उपयोग काय? माणसाच्या टोकांवर शब्द आहे टीटीएजीजीजी. हे 1988 साली कळले. त्यांच्यावरही प्रथिनांचे वेढे आहेत, सहा प्रथिनांचा संच. त्यांत एक रॅप-1 च आहे. एका पदराच्या शेपटावर बसणारे पॉट-1 हे प्रथिन 2001 साली बाउमान आणि चेक यांनी शोधले, तेही आधी खमिराच्या एका चुलत भावंडात आणि मग माणसात. ते भावंड प्रथम आफ्रिकेतील बाजरीसारख्या धान्याच्या बिअरमध्ये सापडले होते. त्याच्या पोंबे या नावाचा स्वाहिली भाषेतला अर्थच बिअर! लांबच्या नातेवाइकांकडे चौकशी केली म्हणून घरातला हरवलेला माणूस सापडावा तसे झाले.

आपल्या बहुतेक पेशींत जन्मानंतर टेलोमरेज जवळजवळ बंद असते. म्हणून लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवल्याप्रमाणे माणसाची साधी पेशी काचेच्या भांड्यात पन्नास-एक वेळा दुभंगून थांबते. ज्या कुटुंबांत टेलोमरेजचेच जनुक बिघडलेले असते त्यांच्यात हाडांतला मगज रक्त बनवणे थांबवतो, किंवा फुप्फुसे राठ होतात. हे 2005 आणि 2007 साली दाखवले गेले. तरुण माणसाच्या रक्ताच्या अशा आजारात डॉक्टर आता टोकांची लांबी तपासण्याचा विचार करू शकतात, आणि नात्यातला कोणी मगज देणार असेल तर त्याचीही आधी तपासणी करतात, कारण त्याच्यातही तोच दोष असू शकतो. ज्या घरावर ही वेळ येते त्या घराला एस्ट-1 चे मोल विचारा.

उलट कर्करोगाच्या दहांपैकी आठ-नऊ प्रकरणांत पेशींनी टेलोमरेज पुन्हा चालू केलेले आढळते. मरायचे होते त्यांनी शिल्लक भरून घेतली. म्हणून टोके जितकी लांब तितके चांगले, हे समीकरण खोटे आहे. 2014 साली काही घराण्यांत पॉट-1 चा बिघाड सापडला. मोजणी ढिली पडल्यामुळे त्यांची टोके लांब होती आणि त्यांना त्वचेचा कर्करोग अधिक होत होता. हे मुद्दाम सांगतो, कारण टेलोमिअर वाढवून म्हातारपण लांबवणाऱ्या गोळ्या हल्ली मोबाइलवर जाहिरातीत दिसतात. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी त्या मागवल्याचेही माझ्या कानावर आहे. ज्या तोलाला खमिराने इतक्या प्रथिनांचा पहारा बसवला आहे तो एका गोळीने हलवावा आणि नुसता फायदाच व्हावा, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. ते पैसे मुलांच्या फीसाठी ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. 2018 साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी खमिराची सोळाही गुणसूत्रे एकमेकांना जोडून एकच लांब गुणसूत्र केले. बत्तीस टोकांची दोन उरली. आणि ती पेशी जगली, थोडी मंद, पण जगली. पुढच्या वर्षी तेही दोन टोक जोडून त्यांनी बांगडी केली. तीही जगली! मग खमिराने टोके बाळगण्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी ठेवला आहे? याचे पूर्ण उत्तर अजून कोणाजवळ नाही. आठवी-नववीच्या मुला-मुलींनी हा प्रश्न वहीत लिहून घ्यावा. कोणाला तरी तो सोडवायचा आहे.

शेजारच्या वर्गात विज्ञानाच्या बाईंनी दोन सूक्ष्मदर्शक मांडून ठेवले आहेत. सकाळी कोमट साखरपाण्यात घातलेले बेकरीचे यीस्ट त्याखाली आहे, निळा रंग टाकून. मेलेल्या पेशी निळ्या दिसतील, जिवंत पेशी बिनरंगाच्या. कित्येकींना कळ्या फुटलेल्या दिसतील. टोके मात्र दिसणार नाहीत, ती त्याहून फार बारीक आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांना पुढे जाऊ द्या, आयांनीही अवश्य बघावे, आणि भिंगाला कृपा करून बोट लावू नका.